दोन वेळची प्रार्थना आणि मधला मोकळा दिवस

आमच्या घरी अभ्यासाचं वेळापत्रक नाही. सूर्योदयाचं ध्यान आणि दिवेलागणीची प्रार्थना, एवढ्या दोनच वेळा ठरलेल्या. त्याही आम्ही ठरवल्या नाहीत, मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तरुणपणापासून घरात चालत आल्या. मधला दिवस माझ्या लेकीचा. ती पंधरा वर्षांची आहे. आठवी पास झाल्यावर शाळेतून तिचा दाखला काढला आणि तेव्हापासून ती घरीच शिकते.

गाव तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीच्या बाजूचं. वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आणि तूर, विहिरीजवळ थोडी संत्र्याची झाडं. मी बी.ए. झालेली, लेकीचे बाबा बारावी. घरी शिकवणारे लोक म्हटलं की पुण्या-मुंबईचे, भरपूर पुस्तकं आणि भरपूर पैसा असलेले डोळ्यांसमोर येतात, म्हणून हे आधी सांगितलं.

गावातली शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून तालुक्याला जायचं म्हणजे सकाळची एसटी, शाळा, मग ट्यूशन, आणि परतीची गाडी अंधार पडता पडता. गावातल्या बऱ्याच पोरी असं करून शिकतात, त्यांच्या जिद्दीचं मला मनापासून कौतुक आहे. माझी लेकही वर्षभर गेली. नंबर चांगला आला. पण लहानपणी वावरात माझ्या मागे मागे फिरून 'हे काहून असं, ते काहून तसं' म्हणत डोकं खाणारी ही पोर वर्षाच्या शेवटी काही विचारेनाशी झाली होती. वर्गात विचारलं की 'पुस्तकात आहे तेवढं कर' असं ऐकावं लागायचं. घरी येऊन जेवायची आणि झोपायची. प्रार्थनेला तिची जागा रिकामी राहू लागली आणि ते मामाजींच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं.

मामाजी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे जुने सेवक. पहाटे उठून हातात झाडू घेऊन गल्लीत रामधून काढणारे. तिला शाळेतून काढायचा विषय मी भीत भीत काढला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "महाराज कोणत्या शायेत मोठे झाले?" तुकडोजी महाराज १९०९ मध्ये यावलीला जन्मले. शाळेत ते फार काळ रमले नाहीत, वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या सहवासात घडले, आणि पुढे मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. आमच्या भागात हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

मला मात्र तेवढ्याने धीर आला नाही. संतांची गोष्ट वेगळी. माझ्या पोरीला उद्या कुठेतरी प्रवेश घ्यायचा आहे, अर्ज भरायचा आहे, दहावीचं गुणपत्रक दाखवायचं आहे. म्हणून मी आधी कागद बघितले. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे आणि लेकीला चौदा पूर्ण झाली होती. दहावीसाठी दोन वाटा दिसल्या. एक आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म. खाजगी विद्यार्थी म्हणून तो भरायचा आणि बाकीच्या मुलांबरोबर परीक्षेला बसायचं. दुसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, जिला सगळे एनआयओएस म्हणतात. तिथे वयाची चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव नोंदवता येतं. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. माध्यम मराठी घेता येतं. वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, परीक्षा होते. सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेला विषय जमा धरला जातो. आम्ही ही दुसरी वाट धरली. पोरीला मोकळं शिकू द्यायचं तर परीक्षाही तिच्या चालीने चालणारी हवी होती.

गावात काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. मुलाला काढलं असतं तर लोकांनी मला वेडी म्हटलं असतं. मुलीला काढलं म्हणून सगळ्यांनी एकच अर्थ लावला. हातपंपावर एक बाई मला स्पष्टच म्हणाली, "काहून वं, लगन जमवून राहिली का पोरीचं?" मला राग आला नाही. आमच्याकडे पोरीचं शिकणं थांबलं की बहुतेक वेळा पुढे तेच होतं, आणि अठरा पूर्ण व्हायच्या आत होतं. तिची शंका खरी होती, पोरीच्या काळजीतून आलेली होती. मी तिला एनआयओएसचं ओळखपत्र दाखवलं. आता ती बाई भेटली की विचारते, 'पेपर कधी आहे?'

श्रद्धेच्या आधाराने शिकवतो असं मी म्हणते तेव्हा लोकांना वाटतं की दिवसभर पोथी वाचून घेतो. तसं काही नाही. विज्ञानाच्या पुस्तकात आम्ही देव घालत नाही आणि पाठांतराची बळजबरी करत नाही. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत. प्रार्थनेनंतर मामाजी त्यातल्या थोड्या ओव्या वाचतात, कोणाला काही बोलायचं असेल तर बोलतात, मग जेवण. एवढंच. श्रद्धेने मला दिलं ते दुसरंच. ही पोर माझ्या मालकीची नाही, मला सांभाळायला दिली आहे, हे मी रोज दोन वेळा स्वतःला सांगते. त्यामुळे तिने आज किती पानं केली याचा हिशेब मी मागत नाही. पंधरा वर्षांच्या पोरीवर सतत नजर ठेवली तर ती लपवायला शिकते. ध्यानाला कधी अर्धवट झोपेत येते, दुपारी दोन तास झोपते. या वयात झोप लागते, मी झोपू देते. घरात फोन एकच, बाबांचा. प्रार्थनेनंतर तासभर तिच्याकडे असतो. त्यात ती किड्यांचे व्हिडिओ बघते आणि रील्सही बघते. असू दे.

आणि या वयात देवावरही प्रश्न येणारच. गेल्या वर्षी पावसाने मोठा खंड दिला होता. पऱ्हाटी माना टाकत होती. एका संध्याकाळी ती म्हणाली, "पाऊस आला नाही तेव्हाही आपण प्रार्थना केली, आला तेव्हाही केली. मग करायची कायले? मी उद्यापासून येणार नाही."

माझ्या पोटात गोळा आला. घरातल्या सगळ्यांनी मामाजींकडे बघितलं. ते सतरंजीची घडी घालत होते. घडी तिच्या हातात देऊन म्हणाले, "नोको येऊ. सतरंजी मात्र तुलेच टाका लागन."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिने अंगण झाडलं, सतरंजी टाकली, चारी टोकं नीट ओढली, समईत तेल घातलं आणि आत निघून गेली. पुढेही तसंच. शेजारची मंडळी येत, बसत, 'पोरगी कुठी गेली?' विचारत. मामाजी म्हणत, "हाये घरात." काही दिवसांनी ती ओट्याच्या पायरीवर बसायला लागली. तिथून ऐकायची, बोलायची नाही. मध्येच एकदा खंजिरीचा ठेका चुकला तेव्हा उठून आली, चुलतभावाच्या हातातून खंजिरी घेतली आणि भजन संपेपर्यंत वाजवली.

त्या आश्विनात आम्ही मोझरीला पुण्यतिथी महोत्सवाला गेलो. ११ ऑक्टोबर १९६८ ला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी महाराजांनी देह ठेवला, म्हणून त्या वेळेला तिथे मौन श्रद्धांजली असते. केवढा तो जनसमुदाय, आणि सगळा जागच्या जागी स्तब्ध. परत येताना ती गाडीत मला म्हणाली की शब्दांची प्रार्थना तिला अजून पटत नाही, पण हे मौन पटलं. मी म्हटलं, मग मौन धर. आता ती कधी सतरंजीवर बसते, कधी पायरीवर. तिचं आणि देवाचं काय ते त्यांच्यात चाललं आहे. मला त्यात पडायचं नाही. घरी शिकवण्याचा सर्वांत मोठा फायदा मला इथे दिसला: या प्रश्नासाठी तिच्याकडे वेळ होता आणि प्रश्न घेऊन बसायला घर होतं.

मोकळ्या दिवसात ती करते काय? सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण गुलाबी बोंडअळीचंच सांगते.

पेरणीनंतर साधारण दीड महिन्याने पऱ्हाटीत कामगंध सापळे लावतात, एकरी दोन. वर झाकण, खाली नरसाळं, त्याला लांब प्लास्टिकची पिशवी, आणि झाकणाखाली रबराचा छोटा तुकडा, म्हणजे ल्यूर. त्याला मादीसारखा वास असतो, त्यामुळे नर पतंग येतात आणि पिशवीत पडतात. कृषी सहायकांनी एकदा बांधावर येऊन दाखवलं आणि लेकीने ते काम स्वतःकडे घेतलं. सकाळी ध्यान झालं की चहा घेऊन ती वावरात जाते, पिशवीची खालची गाठ सोडते आणि पतंग धुऱ्यावर अंथरलेल्या कागदावर ओतते. मातकट रंगाचे, ज्वारीच्या दाण्याहून थोडे लांब. काडीने एकेक बाजूला करत मोजते, दुसरेच किडे असले तर वेगळे काढते, वहीत तारीख घालून लिहिते. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सापडले तर फवारणीचा विचार करायचा, ही मर्यादा. तिच्या वहीत आठच्या रेषेवर लाल पेन्सिल आहे.

यंदा शेजारच्या वावरात फवारणी झाली तसे तिचे बाबाही पंप काढायला निघाले. बोंडअळीने आमचं आधी नुकसान केलेलं आहे, भीती खोटी नव्हती. ती म्हणाली, "बाबा, आठाच्या खाली आहे. दोन दिवस थांबा." मग झाडं फिरून वीस हिरवी बोंडं तोडून आणली आणि ओट्यावर विळीने एकेक चिरली. एकात अळी निघाली. वीसात एक म्हणजे शेकडा पाच, आणि मर्यादा शेकडा दहाची. डोमकळ्या, म्हणजे अळीने आतून विणून टाकलेली न उमललेली फुलं, तिने आणि मी वेचून जाळल्या. निंबोळी अर्क मारला. बाबांनी पंप परत ठेवला. शेकडेवारी तिला पुस्तकातूनही आली असती, पण बापाने आपल्या हिशेबावर विश्वास ठेवला, हे तिला पुस्तकाने दिलं नसतं.

त्यातून किती धडे निघाले! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. ती तेव्हा लहान होती, आता तिला त्याबद्दल जाणून घ्यायचं होतं. डब्यांवरच्या त्रिकोणापासून सुरुवात झाली: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. मग काही औषधं मज्जातंतूंवर कशी जातात ते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बंद पाडतात, त्यामुळे मज्जातंतूंचे निरोप थांबतच नाहीत, तोंडाला फेस येतो, श्वास अडकतो. ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे त्या विकराचं नाव ती बोलता बोलता सांगते. मला ते लिहिताना दोनदा बघावं लागलं. आमच्याकडे फवारणीला येणाऱ्या दादांना तिने हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधायला लावलं, आणि वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नका म्हणून बंडीजवळ उभी राहिली.

मग प्रश्न आला की बीटी कपाशीच्या झाडातच अळीला मारणारं विष असतं, तर तिच्यावर बोंडअळी येतेच कशी. पूर्वी बियाण्याच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटीची वेगळी पुडी मिळायची, वावराच्या कडेने लावायला. कितीतरी जण ती टाकून द्यायचे. साध्या झाडांवर वाढलेले पतंग बीटीचं विष सोसलेल्या पतंगांशी जुगावेत आणि सोसण्याचा गुण पसरू नये, यासाठी ती पुडी होती, हे तिने शोधून काढलं आणि रात्री जेवताना सगळ्यांना सांगितलं. विषाने मरणाऱ्या मरतात, वाचलेल्यांची पिल्लं वाचतात, आणि अळीची जातच बदलत जाते. विज्ञानाच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा तिला असा कळला. मला वाटलं, मामाजींना हे खटकेल. त्यांनी पुडीचं पुन्हा नीट विचारून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे देवानं अळीलेही अक्कल देली. मंग आपण लावाची होती ना ते पुडी."

गणिताकडे मात्र गेल्या वर्षी तिने सबंध पावसाळा बघितलं नाही. मी बोलले नाही. आमच्या बचत गटाचं रजिस्टर माझ्याकडे असतं. एकदा माझा हात दुखत होता म्हणून तिने लिहायला घेतलं. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस, हे तिने मांडून काढलं आणि बघतच राहिली, कारण बाबांचं पीककर्ज तिला माहीत होतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या सवलत योजनेत व्याज शून्य पडतं. त्यानंतर सरळ व्याज, चक्रवाढ व्याज तिने दिवाळीच्या आधी संपवलं. बीजगणित अजून रखडलं आहे. शेजारगावचे एक निवृत्त गुरुजी मंडळाच्या बैठकीला येतात, ते तासभर आधी येऊन शिकवतात. फी घेत नाहीत, संत्री घेतात.

वर्धा शहर आमच्यापासून लांब नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या पुढाकाराने तिथेच शिक्षण परिषद भरली होती आणि मातृभाषेतून, हाताच्या कामाभोवती बांधलेलं शिक्षण तिथे मांडलं गेलं. त्याचीच नई तालीम झाली. हे वाचलं तेव्हापासून 'पोरगी वावरात शिकते' असं सांगताना माझा आवाज खाली जात नाही. उन्हाळ्यात तिला वर्ध्याच्या गोपुरीचं गीताई मंदिर दाखवलं. छप्पर नाही, मूर्ती नाही, दगडी शिळा उभ्या आणि त्यांवर विनोबांनी मराठीत आणलेली गीता कोरलेली. ती एकेका शिळेपुढे थांबत पुढे गेली, दुपारची उन्हं लागली तरी निघेना. घरी आल्यावर बारावा अध्याय स्वतःहून लिहून काढला. मी सांगितलं असतं तर लिहिला नसता, एवढं मी तिला ओळखते.

तिला अकोल्याच्या कृषी विद्यापीठात जायचं आहे, कीटकशास्त्र करायचं आहे. त्यासाठी बारावी विज्ञान लागतं आणि प्रयोगशाळा माझ्या ओट्यावर होणार नाही, म्हणून अकरावीला ती कॉलेजला जाईल. काही जणांना वाटतं की मग घरी शिकवण्यात काय राहिलं. मला तसं वाटत नाही. या काळात तिला काय शिकायचं आहे ते तिचं तिला कळलं. आता ती एसटीत बसली तरी काहीतरी विचारायला निघालेली असेल.

या ऑक्टोबरात मराठी आणि सामाजिक विज्ञान आहे. गणित, विज्ञान, इंग्रजी एप्रिलला. लिहून द्यायचे स्वाध्याय, ज्यांना वीस टक्के गुण असतात, ते तिने पाठवले आहेत. परीक्षेसाठी अमरावतीला माझ्या बहिणीकडे मुक्काम करायचा ठरलं आहे. नेमकी तेव्हाच पहिली वेचणी, बाबांनी माणसं सांगून ठेवली आहेत. सापळ्यांचं काम तेवढ्या दिवसांपुरतं मामाजींनी मागून घेतलं. काल ती त्यांना वावरात घेऊन गेली, गाठ कशी सोडायची ते दाखवलं, आणि बोंडअळीचा पतंग आणि दुसरा किडा यातला फरक त्यांच्याकडून तीनदा ओळखवून घेतला. चष्मा विसरायचा नाही, असंही बजावलं आहे.